बूमला हायड्रॉलिक घडी: सिलिंडर नंतर, बिजागरी आधी

दादा, तुमचा प्रश्न मला असा कळला. निपाणीच्या बाजूला शेती, ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागं तीन पॉइंटवर ४०० लिटरची टाकी आणि १० मीटरचा बूम, म्हणजे नोझल लावलेला आडवा सांगाडा. मधला भाग दोन मीटरचा, दोन्हीकडचे पंख चार-चार मीटरचे. सोयाबीन, हरभरा, थोडा मका, शिवाय आसपासच्या गावांत भाड्यानं फवारणी. रान बदललं की खाली उतरायचं, औषधानं ओले झालेले पंख हातानं वर उचलायचे, पिन घालायची, पुढच्या रानात गेलं की परत तेच. ट्रॅक्टरला ट्रॉलीचा एक पॉइंट आहे. त्यावरच दोन सिलिंडर जोडून चालेल का आणि ते किती मोठे घ्यायचे, असं तुम्ही विचारलंय.

सिलिंडर किती मोठा, हे मी खाली आकड्यांसकट सांगतो. पण अवजारांच्या हायड्रॉलिकचं काम करताना माझ्याकडं मोडलेले बूम येतात, त्यात सिलिंडर लहान पडला म्हणून आलेला क्वचितच असतो. बिजागरी फाटलेली असते, ब्रॅकेट पाईपमधून उपटून निघालेलं असतं, नाहीतर पंख धाडकन आपटून मधली फ्रेम वाकलेली असते. कारण बहुतेक वेळा एकच. हातानं घडी घालताना आपला हात नुसता जोर लावत नसतो. पंख कुठं अडकला तर तो थांबतो, शेवटी आल्यावर हळू होतो, पाईप चिमटला तर त्याला कळतं. तेलाला ह्यातलं काहीच कळत नाही. समोर फांदी आली काय, पिन निम्मी आत राहिली काय, ते दाब देतच राहतं. म्हणून हात जे जे करत होता ते सगळं आता लोखंडात आणि वॉल्व्हमध्ये बसवावं लागतं. तेवढं बसवलं की सिलिंडर हा कामाचा सोपा भाग आहे.

आधी हे करायचंच का ते बघू. स्वतःच्या चार-सहा एकरांपुरतीच फवारणी असेल आणि दिवसात दोनदा घडी घालावी लागत असेल, तर मी हायड्रॉलिक सुचवणार नाही. मधल्या फ्रेमवर हाताचा विंच, वायर रोप आणि दोन पुली बसवल्या तरी पंख लांबून उचलता येतो आणि औषधाला हात लागत नाही. तुमचं भाड्याचं काम आहे, एका दिवसात बरीच रानं होतात, बांध जवळजवळ, वाटा अरुंद. अशा ठिकाणी हायड्रॉलिकचे पैसे वसूल होतात. वेळ वाचतो हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा म्हणजे कीटकनाशकानं निथळणारा पंख दिवसभर अंगाखांद्यावर घ्यावा लागत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तुमचा विचार मला योग्य वाटतो.

आता तेल कुठून घ्यायचं. ट्रॉलीचा पॉइंट म्हणजे एकच लाईन. लिव्हर वर केली की तेल जातं, खाली केली की ट्रॉलीच्या वजनानं त्याच लाईननं परत येतं. ट्रॉलीला ते पुरतं, कारण ट्रॉली आपल्या वजनानं खाली बसते. दोन्हीकडून जोर लावणाऱ्या, म्हणजे डबल ॲक्टिंग सिलिंडरला जायची एक आणि यायची एक अशा दोन लाईन लागतात, आणि त्यासाठी डीसीव्ही, म्हणजे तेल कुठल्या लाईननं जायचं ते ठरवणारा लिव्हरचा वॉल्व्ह लागतो. घडी वरच्या दिशेनं असेल तर सिंगल ॲक्टिंगवर काम होऊ शकतं: तेलानं पंख वर, वजनानं खाली. पण तो पंख पूर्ण उभा होऊ द्यायचा नाही, थोडा बाहेर झुकलेलाच ठेवायचा. सरळ उभा राहिला किंवा वाऱ्यानं आतल्या बाजूला गेला तर तो आपणहून खाली येणार नाही, आणि मग कुणीतरी खाली उभं राहून त्याला ढकलायला जातं.

ट्रॉली पॉइंटची दुसरी अडचण तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाची आहे. तुमचा स्प्रेअर ट्रॅक्टरच्याच लिफ्टवर टांगलेला आहे, आणि ट्रॉली पॉइंटचं तेल त्याच लिफ्टच्या लिव्हरवर चालतं. काही ट्रॅक्टरमध्ये आयसोलेटर, म्हणजे लिफ्टचं तेल तोडणारा वॉल्व्ह, दाबला की लिफ्टचे हात आहेत तिथं बंद होतात आणि तेल बाहेर जातं. काहींमध्ये हात आधी पूर्ण वर जातात, मग तेल बाहेर निघतं. पंख उघडायला म्हणून लिव्हर खाली केली आणि ४०० लिटरची भरलेली टाकी खाली बसली, असं व्हायला नको. जोडणी करायच्या आधी टाकी रिकामी ठेवून तुमच्या ट्रॅक्टरमध्ये नेमकं काय होतं ते बघा.

माझं मत विचाराल तर दोन लिव्हरचा डीसीव्ही बसवून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर पंप असतो आणि तेल सतत फिरत राहतं, त्यामुळं डीसीव्ही ओपन सेंटर, म्हणजे लिव्हर मधे असताना तेल वाहू देणारा, आणि पुढं लिफ्टला तेल देणारा, म्हणजे पॉवर बियाँडचा हवा. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये पंपाचं शोषणच लिफ्टच्या लिव्हरवरून कमी-जास्त होतं, तिथं असा डीसीव्ही सरळ बसत नाही. त्यासाठी त्या ट्रॅक्टरचाच ऑक्झिलरी किट बघावा लागतो. ट्रॅक्टरचं मॉडेल कळल्याशिवाय ह्यापुढं नेमकं सांगता येत नाही.

घडी कुठल्या दिशेनं घालायची, ह्यावर जोराचं सगळं गणित बदलतं. आडवी घडी, म्हणजे पंख दाराच्या फळीसारखा मागं किंवा पुढं फिरवला, तर वजन बिजागरीच्या पिनवर राहतं आणि सिलिंडरला फारसं काम नसतं. पण मागं वळवलेला चार मीटरचा पंख रस्त्यावर लांब शेपटीसारखा निघतो. कारखाने सुरू झाले की चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते, त्यात अंधारात असं काही मागं निघालेलं असणं धोक्याचं आहे. पुढं वळवला तर ओले नोझल बरोबर ड्रायव्हरच्या कुशीला येतात. उभ्या घडीत रुंदी आणि लांबी दोन्ही आवाक्यात राहतात, म्हणून आपल्या वाटांना ती बरी पडते. फक्त डोक्यावरच्या तारांचं बघावं लागतं.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण ह्यात जीव जातो. तुमची बिजागरी जमिनीपासून साधारण एक मीटरवर असेल. चार मीटरचा पंख उभा केला की टोक पाच मीटरवर जातं. मक्यासाठी बूम वर घेतलेला असेल तर आणखी वर. वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणं रस्ता सोडून इतर जमिनीवरून जाणारी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटरवर असावी लागते. म्हणजे हेस्कॉमची, आपल्या वीज कंपनीची, तार नियमात असली तरी तुमचं टोक तिच्याही वर जाईल, आणि झोळ पडलेल्या तारा तर आपण रोज बघतो. हातानं पंख उचलताना माणूस खाली उभा असतो, मान वर असते, तार दिसते. सीटवरून लिव्हर ओढताना नजर मागं किंवा पुढच्या बांधावर असते. म्हणून पंख दोन तुकड्यांत करा. आतला अडीच मीटरचा सिलिंडरवर, बाहेरचा दीड मीटरचा आतल्या तुकड्यावर उलटा दुमडून पिन लावायचा. तेवढं एक काम हाताला राहील, पण टोक साडेतीन मीटरच्या आसपास येईल. बाहेरचा तुकडा आडव्या लिंकनं आपोआप दुमडणारी रचनाही करता येते, पण त्यात सांधे वाढतात आणि प्रत्येक सांध्याची ढिलाई टोकाला मोठी होऊन दिसते. पहिल्यांदाच करताय, तर त्या वाटेला जाऊ नका.

आता सिलिंडर. सगळ्यात वाईट स्थिती धरू, म्हणजे पूर्ण चार मीटरचा पंख एकदम उचलायचाय. पाईप, नोझल, होज आणि आतलं पाणी धरून पंखाचं वजन ३५ किलो आणि वजनाचा मध्य बिजागरीपासून १.८ मीटरवर आहे असं समजा. (तुमचा पंख मोजा, वजनकाटा कुठल्याही भुसार दुकानात असतो.) ३५ गुणिले १.८, म्हणजे ६३ किलो-मीटरचा पीळ. हा पीळ सिलिंडरला किती अंतरावरून उचलायचाय ह्यावर जोर ठरतो. पंखावरचं सिलिंडरचं ब्रॅकेट बिजागरीच्या मध्यापासून २०० मिलिमीटरवर घेतलं आणि घडीच्या निम्म्यात, म्हणजे पंख ४५ अंशावर असताना, सिलिंडर त्या २०० मिलिमीटरच्या रेषेला काटकोनात येईल असं बसवलं, तर घडीच्या दोन्ही टोकांना खरं अंतर, म्हणजे बिजागरीपासून सिलिंडरच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर, सुमारे १४० मिलिमीटर राहतं. जोर लागतो ४५० किलोच्या आसपास. ४० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, आणि २५ मिलिमीटर रॉडचा सिलिंडर ढकलण्याच्या बाजूनं एवढा जोर ३५ बार दाबाला देतो, ओढण्याच्या बाजूनं ५७ बारला. कुठल्याही ट्रॅक्टरला हे जड नाही.

हेच ब्रॅकेट जागा नाही म्हणून बिजागरीला चिकटवलं आणि खरं अंतर ५० मिलिमीटर राहिलं, तर जोर जातो सव्वा टनावर, आणि ओढायला १६० बार लागतात. मग पंख उचलत नाही, मग कुणीतरी सांगतं ५० बोअरचा घाला, रिलीफ (जास्तीत जास्त दाब ठरवणारा वॉल्व्ह) वाढवा. तसं केलं की पंख उचलतो खरा, पण तो सव्वा टन रोज त्या दोन पिनांवर आणि वेल्डिंगवर बसत राहतो. सिलिंडर मोठा करण्यापेक्षा ब्रॅकेट लांब घ्या. तुमच्या बूमला ४० बोअर पुरून उरतो. बोअर नेहमीच्या मापाचा ठेवला की सील किट कुठंही मिळतं, बेळगावला पळावं लागत नाही.

स्ट्रोक किती? ९० अंशाच्या घडीला ब्रॅकेटच्या अंतराच्या साधारण १.४ पट. २०० मिलिमीटरला २८३ येतो, म्हणून ३०० चा घ्यायचा. दोन्ही टोकांना सात-आठ मिलिमीटर शिल्लक राहतात आणि ते मुद्दाम ठेवायचेत, त्याचं कारण पुढं येईल. कागदावर डोकं खपवण्यापेक्षा शेडच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापात आखा. बिजागरीच्या जागी खिळा, पंखाच्या जागी पट्टी, सिलिंडरच्या जागी दुसरी पट्टी. पट्टी उघड्यापासून उभ्यापर्यंत फिरवा आणि सिलिंडरची लांबी दर टप्प्याला लिहा. ३०० स्ट्रोकचा सिलिंडर मिटलेला असतानाही पिन ते पिन साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर असतो. ती जागा मधल्या फ्रेमवर आहे का, की टाकीला आपटतोय, हे खडूच्या रेघेत दिसतं. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक भागात ऑर्डर द्यायला जाल तेव्हा हीच मापं घेऊन जा. तिथली माणसं ह्या कामात मुरलेली आहेत, पण तुमच्या बूमची जागा त्यांनी पाहिलेली नसते.

आता लोखंड. हातानं दुमडायच्या बूमची बिजागरी म्हणजे बहुतेक दोन पट्ट्या, मधून १६ ची पिन, आणि भोक लांबट झालेलं. हाताला ते चालतं. सिलिंडर लावला की हीच ढिलाई दर झटक्याला वाढत जाते. ही बिजागरी काढून टाका. पिन २५ ची, ईएन-८ पोलादाची, तिला गनमेटलचं बुश आणि ग्रीस निपल. दोन कान शक्य तेवढे लांब-लांब ठेवा, म्हणजे पंख पुढं-मागं हलणार नाही. बिजागरी बूमच्या वरच्या पाईपवर घ्या आणि खालच्या पाईपांच्या तोंडांना जाड प्लेट लावून त्या एकमेकींवर टेकू द्या. पंख उघडा असताना त्याचं वजन ह्या प्लेटांवर बसतं, सिलिंडरवर बसत नाही. सिलिंडर वरच्या-खालच्या पाईपांमधल्या उंचीतच, खालच्या बाजूनं ढकलणारा बसवा. ह्यात दोन फायदे आहेत: जोराची बाजू कामाला येते, आणि फवारणी चालू असताना रॉड आत असतो, क्रोमवर औषध पडत नाही. तांब्याची बुरशीनाशकं, विद्राव्य खतं ह्यांच्या फवाऱ्यात रॉड उघडा राहिला की क्रोमला खड्डे पडतात आणि तो खड्डा दर स्ट्रोकला सील कापतो.

ब्रॅकेट सरळ ४० बाय ४० च्या दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाईपवर वेल्ड करू नका. आधी पाईपवर पाच-सहा मिलिमीटरची प्लेट बसवा, लांबट, टोकं निमुळती, आणि ब्रॅकेट त्या प्लेटवर. प्लेटच्या टोकाला पाईपवर आडवं वेल्डिंग नको, तिथूनच चीर सुटते. वेल्डिंग पाईपच्या लांबीच्या दिशेनं घ्या.

पंख प्लेटवर टेकला तरी सिलिंडर आणखी ओढत राहणार. ते सात-आठ मिलिमीटर ह्यासाठीच शिल्लक ठेवलेत: आधी प्लेट टेकली पाहिजे, सिलिंडरचं टोक नंतर. म्हणजे पंख घट्ट दाबून राहतो, हलत नाही. पण हा दाब माफक हवा. ट्रॅक्टरचा रिलीफ साधारण १५० ते २०० बारला सेट असतो, आणि तुम्हाला घर्षण, धक्के सगळं धरून ८० बार पुष्कळ आहेत. इथं एक चूक बरेच जण करतात. डीसीव्हीचाच मुख्य रिलीफ ८० वर आणतात. तो कमी केला की पॉवर बियाँडमधून पुढं लिफ्टलाही तेवढाच दाब मिळतो आणि भरलेली टाकी उचलेनाशी होते. दाब कमी करायचा तो फक्त बूमच्या लाईनवर, प्रेशर रिड्युसिंग वॉल्व्हनं किंवा त्या पोर्टच्या वेगळ्या रिलीफनं.

वेगाचं गणित तर डोळे उघडणारं आहे. ४० बोअर, ३०० स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये मावतं जेमतेम ३७५ मिलिलिटर तेल. मिनिटाला २० लिटर देणाऱ्या पंपावर हा सिलिंडर सव्वा सेकंदाच्या आत भरतो. चार मीटरचा पंख सव्वा सेकंदात ९० अंश फिरला तर पुढं काय होईल ते सांगायला नको. दहा सेकंद तरी लागले पाहिजेत, म्हणजे मिनिटाला सव्वादोन लिटर. त्यासाठी दोन्ही बाजूंना वन-वे फ्लो कंट्रोल, म्हणजे एकाच दिशेनं तेल अडवणारे वॉल्व्ह, हवेत आणि तेल सिलिंडरमधून बाहेर येताना अडलं पाहिजे, आत जाताना नव्हे. आत जाताना अडवलं तर पंख खाली येताना स्वतःच्या वजनानं तेलाच्या पुढं पळतो. नुसत्या एक मिलिमीटरच्या भोकातूनही १०० बारच्या फरकाला मिनिटाला साडेचार लिटर तेल जातं, तेव्हा साध्या चकतीच्या भरवशावर राहू नका, स्क्रूनं कमी-जास्त होणारा वॉल्व्ह घ्या आणि सेट झाल्यावर लॉकनट मारा.

बाहेर येणारं तेल अडवण्याची एक किंमत असते. रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळं त्या बाजूला दाब वाढतो, ४०-२५ च्या सिलिंडरला सुमारे १.६४ पट. मागून १५० बार आले तर रॉडच्या लाईनमध्ये २४० च्या वर जाऊ शकतात. एका तारेच्या जाळीचा पाव इंची होज २२५ बारचा असतो, दोन जाळ्यांचा ४०० चा. दिसायला दोन्ही सारखेच. दोन जाळ्यांचाच घ्या.

पंख वर धरून ठेवणं हे कधीच होजच्या भरवशावर सोडायचं नाही. होज फुटला की पंख खाली, आणि खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही. सिलिंडरच्या ज्या बाजूवर वजन येतं तिथं काउंटरबॅलन्स वॉल्व्ह, म्हणजे वजन धरून ठेवणारा आणि हळू उतरवणारा वॉल्व्ह, हवा, आणि तो थेट सिलिंडरच्या पोर्टवर बसलेला हवा. मधे होज घालून लांब बसवला तर तो होज फुटल्यावर त्याचा काही उपयोग नाही. दुकानदार पायलट चेक वॉल्व्ह (दुसऱ्या लाईनचा दाब आला की उघडणारा) दाखवेल, तो स्वस्त पडतो. आडव्या घडीला तो चालतो. उभ्या घडीत पंख खाली येताना तो उघडझाप करतो आणि पंख थडथडत उतरतो. शिवाय रस्त्यावरून जाताना लोखंडी हूक किंवा पिन लागलीच पाहिजे. वॉल्व्ह कितीही चांगला असला तरी खड्ड्यांतून अर्धा तास हेलकावे घेणारा पंख फक्त तेलावर सोडून गावातून जाऊ नका.

दोन्ही पंख एकाच लिव्हरवर टी घालून जोडायचा मोह होतो. तेल जिथं सोपं तिथं आधी जातं, म्हणून एक पंख पूर्ण वर आणि मग दुसरा, असं होतं. तेल दोन्हीकडं सारखं वाटणारा फ्लो डिव्हायडर घालून सुधारता येतं, पण मी दोन लिव्हर म्हणालो त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या रानात कुठं विहीर, कुठं बाभळ, कुठं खांब. एकच पंख उचलून पुढं जाता आलं तर फवारणी न थांबवता कड मारता येते. फक्त बूम मधे झोपाळ्यासारखा लटकवलेला असेल तर एक पंख उचलायच्या आधी तो झोपाळा लॉक करा, नाहीतर उघडा पंख जमिनीला टेकेल. आणि उचललेल्या पंखाची फवारणीची लाईन वेगळ्या कॉकनं बंद झाली पाहिजे.

बूमच्या टोकाला धक्का लागला की मागं वळणारा स्प्रिंगचा तुकडा असेल तर तो कसल्याही परिस्थितीत काढू नका. नसेल तर बसवा, बाहेरचा दीड मीटरचा तुकडा त्यालाच उपयोगी येईल. हाताच्या बूममध्ये ढिल्या पिना थोडा धक्का सोसायच्या. आता सगळं घट्ट झालंय. टोक झाडाला लागलं तर तो धक्का सरळ बिजागरीवर आणि मधल्या फ्रेमवर येईल.

जोडणीतल्या बारीकसारीक गोष्टी. हायड्रॉलिकच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे वॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात आणि मग पंख मधेच थांबतो किंवा हळूहळू उतरतो. बीएसपीच्या, म्हणजे सरळ आट्यांच्या जोडाला डाउटी वॉशर (आत रबर बसवलेला लोखंडी वॉशर) घाला. बिजागरीजवळ होजला मोकळा वळसा द्या, पंख दोन्ही टोकांना नेऊन तो ताणत किंवा चिमटत नाही ना ते बघा, फवारणीच्या पाईपचंही तसंच. कपलरना टोपणं लावा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. कपलरच्या तोंडावरची माती आत गेली तर ती सिलिंडरपुरती राहत नाही, गिअरबॉक्सपर्यंत फिरते.

पहिल्यांदा चालवताना टाकी रिकामी, इंजिन हळू, आणि पंखाच्या फेऱ्यात कुणीही नको, पोरं तर नकोच. सुरुवातीला आत हवा असते, पंख झटके घेतो. चार-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर केल्यावर शांत होतो. मग तेलाची पातळी बघा. गळती हातानं चाचपून शोधू नका. १५० बारला सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. तसं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही, त्याच तासाला सर्जन असलेल्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. गळती पुठ्ठा धरून शोधा. कपलर सोडायच्या आधी पंख खाली, इंजिन बंद, आणि डीसीव्हीच्या लिव्हर दोन्हीकडं हलवून लाईनमधला दाब सोडा.

इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरचंही, म्हणजे मोटरवर दांडा आत-बाहेर करणाऱ्या यंत्राचंही, कुणीतरी सुचवेल, म्हणून तेवढं लिहितो. हलक्या आडव्या घडीला तो चांगला, ट्रॅक्टरच्या तेलाला हात लावावा लागत नाही. तुमच्या उभ्या घडीला साडेचारशे किलोचा जोर लागतो, त्या ताकदीचे ॲक्च्युएटर मिळतात, पण औषधाच्या फवाऱ्यात आणि चिखलात टिकेल अशा बंदिस्त बनावटीचेच घ्यावे लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र) शंभर अँपिअरच्या पुढं ओढतो. दिवसभर सारखी घडी घालायची असेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरीला ते झेपणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर हंगाम संपल्यावर बूम उतरवून आधी बिजागऱ्या आणि टेकणाऱ्या प्लेटा करून घेतल्या असत्या, आणि तसाच, हातानं, काही दिवस वापरला असता. पंख हातानं सहज फिरतोय, टोकाला ढिलाई नाही, प्लेटा दोन्हीकडं सारख्या टेकतायत, असं दिसलं की मग सिलिंडर. मला ट्रॅक्टरचं मॉडेल, पंखाचं वजन, वजनाच्या मध्याचं बिजागरीपासूनचं अंतर, वरच्या-खालच्या पाईपांमधली उंची आणि टाकीपासून बिजागरीपर्यंत मोकळी जागा किती, एवढं कळवा. बूम उघडा असतानाचा आणि दुमडलेला असतानाचा, मागच्या बाजूनं घेतलेला फोटोही पाठवा. ब्रॅकेट कुठं घ्यायचं ते मी त्यावर आखून देतो.